निवारा केंद्रात लहान मुलांचं खाणं कसं सांभाळायचं: नाशिकच्या नव्या स्वयंसेवकांसाठी

गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की नाशिककर आधी गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघतो. पाणी मारुतीच्या कमरेला लागलं की सराफ बाजार, भांडी बाजारातले लोक माल वर चढवायला लागतात. त्याहून वर गेलं की काठच्या वस्त्यांतली माणसं पोरंबाळं उचलून शाळांमध्ये येतात. तेच पाणी पुढं निफाड तालुक्यात सायखेडा, चांदोरीला जाऊन घराघरांत शिरतं. २०१६ आणि २०१९, दोन्ही वर्षी ऑगस्टमध्ये हे झालं आणि दोन्ही वेळा मी निवारा केंद्रात मुलांच्या खाण्याचं काम बघत होते.

पहिल्या वेळी मला भीती होती ती अन्न कमी पडण्याची. ते पडलं नाही. अंधार पडायच्या आत बिस्किटांचे खोके, वडापाव, पुरीभाजीची पाकिटं, केळ्यांचे घड असा वर्गाच्या कोपऱ्यात ढीग लागला. त्या ढिगाशेजारी एक नऊ महिन्यांची मुलगी चहात बुडवलेलं बिस्कीट चोखत बसली होती, कारण तिला गिळता येईल असं दुसरं काही त्यात नव्हतं. मदत येते ती मोठ्यांच्या मापाची. लहान मुलांचं माप कुणीतरी मुद्दाम वेगळं काढावं लागतं. ते कसं काढायचं, एवढंच इथं सांगते.

जाण्याआधी पिशवीत काय घ्यायचं

सामान जड नाही, पण केंद्रात आयत्या वेळी यातलं काहीच सापडत नाही.

- जाड वही, दोन पेनं, चिकटपट्टी
- झाकणाची दोन मध्यम पातेली, लांब दांड्याचं ओगराळं
- तोटीचा, झाकणाचा पिण्याच्या पाण्याचा पिंप
- वीसेक स्टीलच्या वाट्या आणि छोटे चमचे
- अंगाचा साबण, भांड्यांचा साबण, दोन-तीन जुन्या साड्या किंवा चादरी आणि सुतळी
- ओआरएसची पाकिटं आणि झिंकच्या गोळ्या (आशाताईंकडून किंवा आरोग्य केंद्रातून मिळतात)
- दंडघेर मोजायची तीन रंगांची पट्टी (अंगणवाडी सेविकेकडे असते)

फोनमध्ये हे क्रमांक साठवून ठेवा: रुग्णवाहिकेसाठी १०८, आरोग्य सल्ल्यासाठी १०४, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७, एकट्या सापडलेल्या मुलासाठी १०९८.

१. पहिल्या संध्याकाळी वही उघडा

स्वयंपाकाला हात लावण्याआधी प्रत्येक वर्गात फिरा. 'लहान मुलं किती?' असं विचारलं तर 'आहेत आठ-दहा' असं उत्तर मिळतं आणि त्याचा काही उपयोग होत नाही. वय महिन्यांत विचारा. आईला तारीख आठवत नसेल तर सण विचारा, 'संक्रांतीला केवढा होता?' म्हटलं की बरोबर निघतं. माता-बाल संरक्षण कार्ड जवळ असेल तर त्यावर जन्मतारीख आणि लसी दोन्ही मिळतात.

वहीत पाच रकाने पुरतात: सहा महिन्यांच्या आतली बाळं, सहा महिने ते दोन वर्षं, दोन ते सहा वर्षं, गरोदर बाया, अंगावर पाजणाऱ्या आया. सहाव्या रकान्यात खास नोंदी लिहा: आई सोबत नाही, मूल आजारी आहे, जुळी आहेत, आधीपासून औषध चालू आहे.

याच वेळी त्या भागातल्या अंगणवाडी सेविकेला निरोप द्या. सहा महिने ते सहा वर्षांपर्यंतची मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांचा पोषण आहार तिच्याकडून येतो. कागद वाहून गेले म्हणून कुणी सेविकाताईंकडे जायला कचरत असेल तर तुम्ही सोबत जा. तिच्या रजिस्टरात नाव असतंच, आणि दुसऱ्या गावाहून आलेल्या मुलालाही आहार मिळतो.

२. सहा महिन्यांच्या आतलं बाळ: सगळं लक्ष आईवर

या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही नको. पाणी नको, मध नको, गुटी नको, साखरेचं पाणी तर मुळीच नको. पुराच्या दिवसांत पाण्याचा एक चमचासुद्धा जुलाबाला आमंत्रण असतो. मध तर वर्षाच्या आतल्या कुठल्याच बाळाला द्यायचा नाही.

इथं तुम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येईल: 'धसक्यानं माझं दूध आटलं हो ताई.' बाई खोटं बोलत नसते. भीतीनं, थकव्यानं पान्हा फुटायला उशीर होतो, बाळ रडतं, आजूबाजूच्या आज्या मान हलवतात, आणि आईला वाटतं संपलं सगळं. पण दूध आटलेलं नसतं. बाळ जितकं ओढेल तितकं दूध तयार होतं, आणि थोडी सुरक्षितता मिळाली की पान्हा परत फुटतो. तिला हे शांतपणे सांगा आणि मग तिच्यासाठी पुढच्या तीन गोष्टी करा.

पहिली, आडोसा. वर्गाच्या कोपऱ्यात सुतळी बांधून साड्या सोडा, आत सतरंजी टाका. पुरुषमाणसांनी भरलेल्या हॉलमध्ये कितीतरी बाया संकोचानं दिवसभर पाजतच नाहीत. २०१९ ला आम्ही हा आडोसा दुसऱ्या दिवशी केला. पहिल्याच रात्री करायला हवा होता. त्या रात्री रडणारी तीन बाळं आडोसा झाल्यावर तासाभरात झोपली.

दुसरी, तिचं जेवण. पाजणाऱ्या आईला रोजच्यापेक्षा साधारण सहाशे उष्मांक जास्त लागतात. म्हणजे नेहमीच्या जेवणावर आणखी दोन भाकरी, वाटीभर उसळ आणि एक शेंगदाण्याचा लाडू. पंगतीत ती सगळ्यांना वाढून शेवटी बसते. तिला ताट आधी हातात द्या, आणि पाजायला बसली की शेजारी तांब्याभर पाणी ठेवा.

तिसरी, श्रावण. आपल्याकडे पूर येतो तो बहुधा याच दिवसांत. सोमवारी, शनिवारी पाजणाऱ्या आयाही उपास धरतात, आणि देणारेही त्या दिवशी नुसती साबुदाण्याची खिचडी पाठवतात. साबुदाण्यात पिठूळपणाखेरीज फारसं काही नाही. उपास सोड म्हणून वाद घालू नका, तिच्या मनाला लागतं. राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची आमटी आणि भगर, दूध, केळी असं समोर ठेवा. उपासही राहतो, पोटही राहतं.

३. दुधाच्या पावडरीचे डबे वाटू नका

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक हीच आहे, म्हणून सविस्तर सांगते.

२०१६ ला कुणीतरी चांगल्या मनानं बाळांच्या दुधाचे डबे आणि नव्या बाटल्या आणून दिल्या. मीही चांगल्या मनानं वाटल्या. दोन दिवसांत त्यातल्या दोन बाळांना पातळ जुलाब लागले. एका आईनं डबा पुरवावा म्हणून पावडर निम्मी घातली होती. दुसरीनं बाटली टँकरच्या पाण्यानं विसळली होती. दोघीही त्याआधी अंगावर नीट पाजत होत्या. बाटलीमुळे बाळाचं ओढणं कमी झालं, त्यामुळे दूध कमी झालं, आणि डबा संपल्यावर हातात काहीच उरलं नाही. दोन्ही बाळं बरी झाली, पण त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही.

आपल्याकडे यासाठी १९९२ चा कायदा आहे आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. बाळांच्या दुधाची पावडर, दूध पाजायच्या बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी म्हणून विकलं जाणारं डबाबंद खाणं अनाथालयं सोडून कुणालाही फुकट वाटायला त्यात मनाई आहे. आणणाऱ्याला हे हात जोडून सांगा आणि त्याच पैशांची मूगडाळ, गूळ, शेंगदाणे, तेल आणायला सांगा. माणसं नाराज होत नाहीत, उलट त्यांना काय आणावं ते कळतं.

ज्या बाळाची आई सोबत नाही किंवा वारली आहे, त्याच्याबद्दल डॉक्टरांनी ठरवायचं. आधी बघायचं की घरातली दुसरी पाजणारी बाई तयार आहे का. नाहीच जमलं तर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार त्या एकाच बाळासाठी पावडर आणायची. पाणी खळखळून उकळून, अर्ध्या तासाच्या आत, गरम असतानाच पावडर मिसळायची, दूध कोमट करून लगेच पाजायचं आणि दोन तासांनंतर उरलेलं टाकून द्यायचं. बाटली नको. वाटी-चमचा वापरा, किंवा घरात बोंडलं असेल तर ते, दर वेळी उकळून. बाटलीच्या बुचात आणि मानेत जे अडकतं ते केंद्रात घासून निघत नाही.

४. पाण्याचा पिंप मुलांसाठी वेगळा

मोठ्यांच्या पिंपात दिवसभर शंभर हात आणि पन्नास पेले बुडतात. मुलांचा पिंप उंचावर, तोटीचा, झाकण लावलेला असू द्या आणि त्याची किल्ली एका माणसाकडे द्या. पाणी खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळवा. उकळायची सोय नसेल तर मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) घाला, किती ते बाटलीवर लिहिलेलं असतं, आणि अर्धा तास थांबूनच प्या. गढूळ पाण्यात औषध नीट काम करत नाही. ते आधी निवळू द्या, चौपदरी कपड्यातून गाळा, मग औषध.

साबण आणि हात धुवायचं पाणी शौचालयाच्या दारातही ठेवा, नुसतं स्वयंपाकघरात नव्हे.

५. मुलांची चूल वेगळी

मोठ्या पातेल्यातली खिचडी तिखट असते, पातळ असते, आणि ती शिजेपर्यंत दोन वाजतात. म्हणून एक छोटी शेगडी, एक पातेलं आणि एक बाई फक्त मुलांसाठी राखून ठेवा. आजीवर्गातली कुणी मिळाली तर फार चांगलं. त्यांना बाळाचं खाणं कसं असतं ते शिकवावं लागत नाही, आणि रिकामं बसून घर आठवत राहण्यापेक्षा हे काम त्यांनाही बरं वाटतं.

सहा महिन्यांवरच्या बाळाला आईच्या दुधासोबत वरचं खाणं लागतं. किती, ते असं लक्षात ठेवा:

- ६ ते ८ महिने: दिवसातून दोन ते तीन वेळा. दोन-तीन चमच्यांपासून सुरुवात करून अर्ध्या वाटीपर्यंत.
- ९ ते ११ महिने: तीन ते चार वेळा, दर वेळी अर्धी वाटी.
- १ ते २ वर्षं: तीन ते चार वेळा, पाऊण ते पूर्ण वाटी, आणि मध्ये एक-दोनदा खाऊ.

इथं वाटी म्हणजे साधारण पाव लिटरची, आमटीची मोठी वाटी.

पेज नको. आपल्याकडे आजारी किंवा लहान म्हटलं की पातळ पेज किंवा वरणाचं पाणी दिलं जातं. पोट पाण्यानं भरतं आणि अंगी काही लागत नाही. खाणं एवढं घट्ट हवं की चमचा तिरका केला तर ओघळणार नाही.

आमचं ठरलेलं मिश्रण असं: दोन वाट्या तांदूळ किंवा नाचणी, एक वाटी मूगडाळ. दोन्ही वेगवेगळं खमंग भाजून जाडसर दळायचं. हे कोरडं पीठ डब्यात आठवडाभर सहज टिकतं. लागेल तसं पाण्यात शिजवायचं, उतरवताना चमचाभर तेल किंवा तूप आणि बारीक शेंगदाण्याचं कूट घालायचं, वर्षावरच्यांना थोडा गूळ. तेल विसरू नका. लहान पोटात थोडंसंच मावतं, आणि त्या थोडक्यात ताकद तेलानंच येते. कुस्करलेलं केळं आणि शिजवून मोडलेला बटाटा किंवा लाल भोपळा केंद्रात सहज जमतं.

अंडं उत्तम, पण श्रावणात विचारल्याशिवाय पातेल्यात घालू नका. मंगल कार्यालयात केंद्र असेल तर तिथल्या लोकांनाही विचारा. काही घरं घेतील, काही नाही. जी घेणार नाहीत त्यांच्यासाठी डाळ आणि कूट वाढवा.

दोन ते सहा वर्षांच्या मुलांना मोठ्यांचंच जेवण चालतं, फक्त तिखट कमी आणि वेळेवर. त्यांच्या मधल्या खाऊला बिस्किटांऐवजी राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाणा चिक्की, गूळ-फुटाणे, मुरमुरे. पाच वर्षांच्या आतल्यांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. कुटून किंवा लाडवातून द्या.

आणि चहा. पावसात भिजलेल्या मुलाला चहा द्यावासा वाटतो, मी समजू शकते. पण चहानं भूक मरते आणि जेवणातलं लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी गरम दूध, नाहीतर गूळ घातलेली नाचणीची पातळ लापशी द्या. फक्त ती जेवण म्हणून मोजू नका.

बाहेरून येणारं शिजवलेलं अन्न कधी बनवलं ते विचारल्याशिवाय मुलांना देऊ नका. पावसाळी दमट हवेत बंद डब्यातला भात, बटाट्याची भाजी दोन तासांत बिघडायला लागते. वासावरून प्रत्येक वेळी कळत नाही. वेळ सांगता आली नाही तर ते मुलांच्या पातेल्यात जाणार नाही, हा नियम ठेवा, आणणारा कितीही मोठा माणूस असो.

६. पंगतीआधी मुलं

सकाळी आठ, अकरा, दुपारी एक, चार आणि संध्याकाळी सात अशा पाच वेळा फळ्यावर लिहून टाका. वर्गात फळा असतोच. मुलांना आधी बसवा, पंगत नंतर. प्रत्येकाची वाटी वेगळी ठेवा. एका ताटात चार भावंडं बसली की धाकटं उपाशी उठतं, आणि आईला वाटतं सगळी जेवली. खाल्लं की वहीत खूण करा. दोन वेळा लागोपाठ न खाल्लेल्या मुलाकडे जाऊन बघा, बहुतेक वेळा ताप असतो.

७. जुलाब लागले तर

पहिल्या पातळ जुलाबालाच ओआरएस सुरू करा. एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. पेलाभर पाण्यात पाकीट कधीच कालवू नका. दर जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्याला अर्धा पेला, त्यावरच्याला एक पेला, चमच्यानं, सावकाश. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. केलेलं पाणी चोवीस तासांनी टाकून द्या. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात साखरेचे सहा सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा सपाट छोटा चमचा.

झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज एक, १४ दिवस. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. जुलाब तीन दिवसांत थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचे, हे आईला लिहून द्या. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर घरगुती काही न करता सरळ दवाखाना.

खाणं आणि अंगावरचं दूध थांबवायचं नाही. 'पोटाला आराम द्या' म्हणून सांगणारं कुणी ना कुणी भेटतंच. त्या आरामात मूल दोन दिवसांत वाळतं. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या.

डोळे खोल गेले, मूल मरगळलं, पाणी पिता येईना, लघवी बंद झाली किंवा शौचात रक्त दिसलं तर वाट न बघता १०८.

८. दंडघेर मोजा

सेविकाताई सोबत असेल तेव्हा हे करा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये. पट्टी टेकली पाहिजे, रुतली नाही पाहिजे. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषित. साडेअकरा ते साडेबारा पिवळा. त्यावर हिरवा. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून तीन सेकंदांनी खळगा राहतो का, तेही बघा. राहत असेल तर पट्टी काहीही सांगो, मूल गंभीर आहे.

लाल मूल पूर यायच्या आधीपासूनच लाल असतं, पुरामुळे फक्त आपल्या नजरेस पडतं. पेठ, सुरगाण्याकडून कामासाठी शहरात आलेल्या कुटुंबांतली मुलं माझ्या वहीत जास्त होती. अशा मुलाला जास्तीचे लाडू देऊन भागत नाही, पोषण पुनर्वसन केंद्रात दाखवावं लागतं. कुठल्या रुग्णालयात जायचं ते सेविकाताईंना विचारा, आणि आईसोबत कुणीतरी जा. एकटी गेली तर बहुतेक वेळा दारातून परत येते. मागं राहिलेल्या दोन मुलांचं कोण बघणार, हे तिचं कारण असतं, आणि ते खरं असतं.

आरोग्य पथक आलं की गोवर-रुबेलाची लस आणि अ जीवनसत्त्वाचा डोस राहिलेली मुलं वहीतून काढून द्या. गर्दीत गोवर फार झपाट्यानं पसरतो.

९. तिसऱ्या दिवशी आया नसतात

याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. पाणी ओसरलं की मोठी माणसं चिखल काढायला आणि पंचनाम्यासाठी घरी जातात. तलाठी येऊन गेले आणि आपण नव्हतो, असं कुणालाच नको असतं. मुलं केंद्रात आजीकडे, नाहीतर आठ वर्षांच्या ताईकडे राहतात. सकाळी सातला गेलेली आई संध्याकाळी परतते आणि तान्हं दिवसभर ओआरएसच्या पाण्यावर काढतं.

शेजारच्या आयांचे दोन गट करून आळीपाळीनं जायला सांगा. तान्हं बाळ असलेल्या आईचा नंबर पंचनाम्यात आधी घ्यावा, अशी विनंती तलाठ्यांना आदल्या दिवशीच करा. मी विचारलं तेव्हा बहुतेकांनी ऐकलं. आईला जायचंच असेल तर दूध स्वच्छ हातानं पिळून झाकणाच्या उकळलेल्या वाटीत ठेवायला शिकवा. सावलीत, गार जागी तीन-चार तास ते चांगलं राहतं, आणि आजी वाटी-चमच्यानं पाजू शकते.

१०. केंद्र बंद होताना

आदल्या संध्याकाळी वही घेऊन बसा. लाल, पिवळ्या खुणेची मुलं, झिंकचे दिवस उरलेली मुलं, आई नसलेली बाळं यांची वेगळी यादी करा आणि ती ज्या त्या वस्तीच्या सेविकेच्या हातात द्या, सह्या घेऊन. यादीचे फोटो ग्रुपवर टाकू नका, त्यात मुलांची नावं आणि आजार असतात. उरलेलं कोरडं मिश्रण तान्ह्या मुलांच्या घरी वाटा, कारण घरी गेल्यावर पहिले तीन-चार दिवस चूल पेटत नाही. ओल्या भिंती, भिजलेलं धान्य, सिलिंडर चिखलात. सायखेड्याला एका घरी मी पाचव्या दिवशी गेले तेव्हा त्या बाईनं आमचं नाचणीचं पीठ शेजारणीच्या शेगडीवर शिजवून दोन्ही घरच्या मुलांना भरवलं होतं, आणि डबा धुऊन माझ्यासाठी ठेवला होता.